आंबिवलीपर्यंत, ‘घाटी’ या शब्दामागे

त्या रविवारी सकाळी पूजा आटोपली आणि ठाण्याहून स्कूटर काढली. आंबिवलीला थोरल्या भावाकडे जायचं होतं. त्याची माफी मागायची अठरा वर्षं राहून गेली होती.

तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा. नंतर भिवंडी बायपासवर ट्रक हलू देत नाहीत. पुढे कोनगाव, दुर्गाडीचा पूल, खाली खाडी, मग कल्याण. तिथे मिसळ खाल्ली. सत्तर रुपये, रस्सा जहाल. शेजारी कॉलेजची दोन पोरं बसली होती.

“ए घाटी, शर्टावर सांडतोयस!”

“तू काय लंडनचा रे? आजी तुझी साताऱ्याची!”

दोघं खिदळले. मला हसू आलं नाही.

आम्ही जुन्नरकडचे. घाटावरून उतरला तो घाटी, एवढाच शब्दाचा उगम. कोकणी माणसाच्या तोंडी तो बऱ्याचदा नुसता पत्ता असतो. मुंबईत ओझी वाहणाऱ्यांना चिकटला आणि त्याचा अर्थ गावंढळ असा झाला. मित्रांमध्ये लाडाचाही आहे. पहिल्या नोकरीत मी तो रोज ऐकला.

कोपरला पहिलं घर घेतलं तेव्हा दादा गावाहून वास्तुशांतीला आला, खांद्यावर घोंगडी. आमच्या घरात थोरल्याने नव्या वास्तूत खंडोबाचा भंडारा उधळायचा असतो. त्याने “येळकोट” म्हणत उधळला. ऑफिसच्या पाहुण्यांचे कपडे पिवळे झाले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हसत म्हणालो, “घाटी आहेत आमचे, चालायचंच.” तेही हसले. दादा न जेवता गेला. पुढे मुलाच्या नोकरीमुळे तो आंबिवलीला राहायला आला, पण माझ्याकडे कधी फिरकला नाही.

शहाड ओलांडून नऊच्या सुमाराला पोचलो. वहिनींनी चहा दिला.

“दादा, वास्तुशांतीला मी चुकलो. माफ कर.”

त्याने कप खाली ठेवला. “शब्दाचं काय रे, बाजारात रोज ऐकतो. तू त्यांच्याबरोबर हसलास.”

मी पाया पडलो. “घरी येशील?”

“बघू,” म्हणाला. पाठीवर हात ठेवला नाही.

परतीची वाट तीच, ऊन तेवढं वाढलेलं. काकांचे गुडघे दुखतात म्हणून ते येत नाहीत, असं मी मुलांना सांगत आलो होतो. लोकांनी मला घाटी म्हटल्याचे किस्सेही रंगवून सांगायचो. त्या दुपारी जेवताना दोघांना सांगितलं, काकांना तो शब्द मी लावला होता, चार माणसांत.