न फोडलेली पाकिटं

पासली गावचे एक शेतकरी दर दिवाळीनंतर नसरापूरला माझ्या सराफी दुकानात येत आणि भाताच्या पैशातून सीलबंद पाकिटातलं चांदीचं एक छोटं बिस्कीट नेत. "पाकीट फोडलं की विकताना भाव कमी येतो," हे मी दिवसभर सगळ्यांना सांगत असतो, कुणी ऐकत नाही. त्यांनी ऐकलं. पावसात तिकडं घरांच्या भिंती पाझरतात, म्हणून चपलांच्या दुकानातून ओल शोषणाऱ्या पुड्या मागून नेत. "घरात कुणाला हात लावू देत न्हाई," एवढंच बोलत, तेही थकल्या आवाजात.

यंदा बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी सगळी बिस्किटं विकायला आणली. आठही पाकिटं कोरी करकरीत. बायको बाकावर पाय लांब करून बसली होती. मी वजनकाटा पुढं ओढला, तेवढ्यात त्यांनी एक पाकीट दातांनी फाडलं आणि बिस्कीट तिच्या तळहातावर ठेवलं.

"वाईच धर."

ती बराच वेळ मूठ मिटून बसली. "लई गार हाय वो," म्हणाली.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "त्या एकाचा भाव कमी लावा."