केतकीताईंची चित्रं आणि माझा प्रोफाइल फोटो

फ्रेमच्या दुकानात चित्र आठवडाभर राहतं आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जातं. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या दुकानात सगळ्यात जास्त किस्से केतकीताईंचे साठलेत. त्या डेटिंग ॲपवरच्या ओढीची चित्रं काढतात. माणूस एकातही नाही, नुसते रंग. वरची बाजू कुठली, हे कळावं म्हणून त्या पाठीमागे पेन्सिलीने बाण काढतात. तो बघून मी हुक लावतो.

एकदा दिवा स्टेशनजवळ राहणारी माझी मावशी दुकानात आलेली; तिकडे नळाला पाण्याची कायम बोंब. समोर राखाडी चित्र, त्यात दोन निळ्या रेघा. मेसेज वाचून उत्तर न देणाऱ्या कुणाचं तरी ते चित्र. मावशी म्हणाली, "एवढं पाणी आमच्याकडे आलं तरी चालेल रे."

ताईंच्या हॉलमध्ये एक मोठं लाल चित्र होतं. त्यांना बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, हे काय? ताईंची आई गडबडली, मिरच्या वाळत घातल्यात म्हणाली.

"बेडगी का?" पाहुण्यांनी विचारलं.

एक चित्र ताईंनी नुसत्या अंगठ्याने रंग सरकवून केलं, ॲपवर माणसं सरकवतात तसं. अंगठा एवढा झिजला की रेशनच्या दुकानातलं मशीन तो घेईना. दुकानदाराने काळजीने कारण विचारलं.

"स्थळं बघत होते, काका."

माझ्या फोनमध्ये ॲप ताईंनीच टाकलं. चेहरा लावायचा धीर होईना, म्हणून मी हुक लावायच्या आधी भिंतीला टेकवलेल्या त्यांच्या पिवळ्या चित्राचा फोटो काढून लावला. कल्याणची श्वेता बोलू लागली. फ्रेम करतो, नववीत शाळा सोडली, सगळं तिला सांगितलं. भेटायचं मात्र टाळत राहिलो. शेवटी तिने लिहिलं, या रविवारी, नाहीतर राहू दे.

रविवारी ठाण्यात ताईंचं प्रदर्शन होतं. मी कळवलं, माझ्या फोटोतल्या चित्राशेजारी उभा असेन.

उभा होतो. निळ्या कुर्त्यातली एक मुलगी आली, चित्र बघितलं, फोन बघितला, पुढे गेली. हाक मारायची सोडून मी फ्रेमची धूळ पुसू लागलो. सगळा हॉल फिरून ती दाराकडे निघाली. तिथे थांबली, परत आली आणि चित्रासमोर फोन उलटा धरला.

"तुम्ही उलटे लागलाय," ती म्हणाली.

मी चित्र भिंतीवरून उतरवलं, फोटोतल्यासारखं फिरवलं आणि तोंडासमोर धरून उभा राहिलो.

पलीकडून आवाज आला, "आता जरा खाली घ्या."