कलाबाईंच्या बंद नळ्या

तिसगावच्या कलाबाई साळवे १९८९ साली नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागल्या, वारलेल्या नवऱ्याच्या जागेवर. शिक्षण सातवी. पहिलं वर्ष बाटल्या धुण्यात गेलं. मग एकदा तुटलेली काचनळी त्यांनी स्वतःच बर्नरवर धरून सांधली. पुढं काचेच्या कामासाठी पुण्याला माणूस धाडायची गरजच उरली नाही.

१९९६च्या मार्चात त्याच विभागात शिकवणाऱ्या माधुरी कांबळे मॅडम पीएच.डी.साठी वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या. काचपट्टीवर जांभळ्या रंगद्रव्याचा केसाहून पातळ थर, वर धातूचा मुलामा आणि दोन तारा. ऊन पडलं की त्यातून वीज निघायची. अगदी किंचित, पण मीटरचा काटा हलायचा. रंगापासून बनलेला सोलर सेल! फक्त चार दिवसांत थर फिका पडायचा आणि काटा शून्यावर यायचा.

"उन्हानं रंग उडतोय," विभागप्रमुख म्हणाले. "आणि उन्हात न टिकणारा सोलर सेल काय कामाचा? विषय बदला."

मॅडमनी त्या दुपारी डबाही उघडला नाही. कलाबाई टेबल पुसता पुसता थांबल्या.

"म्याडम, एक इचारू? कपाटातल्या पट्ट्या फिक्या न्हाई झाल्या."

"तिथं अंधार आहे ना, कलाबाई."

"व्हय, पर हवा हाय. हवेनं एकटीनं काय केलं न्हाई. उन्हातल्या पट्टीला ऊनबी लागतं, हवाबी लागती. नुसतं ऊन कुटं लावून बघितलंय आपन?"

मॅडमनी कपाटातली एक पट्टी काढून निरखली. मग म्हणाल्या, "पट्टी नळीत घालून हवा काढता येईल. पण तारा बाहेर कशा आणायच्या? बुचातून हवा आत शिरतेच."

कलाबाईंनी वर छताकडे बोट केलं. "बल्बातनं येत्यात की!"

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजातले गेलेले बल्ब त्यांच्याकडे जमू लागले. बल्ब फोडून आतला काचेचा दांडा, त्यात पक्क्या बसलेल्या दोन तारांसकट, त्या काढत आणि काचनळीच्या बुडाशी वितळवून जोडत. पहिल्या सहा नळ्या गार होताना तडकल्या. सातवी त्यांनी गरम वाळूत पुरली आणि दिवसभर हळूहळू निवू दिली. ती टिकली. मॅडमनी आत पट्टी जोडली. नळीचं तोंड ओढून बारीक केलं, पंपानं हवा काढली आणि त्या बारीक मानेवर कलाबाईंनी ज्योत फिरवली. काच मिटली.

अशा दोन नळ्या गच्चीवर ठेवल्या. शेजारी एक उघडी पट्टी. रोज बाराला मोजायचं. पाचव्या दिवशी उघडी पट्टी संपली. बंद नळ्यांचे काटे पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून हलले नाहीत. मे आला, गच्चीवर पाय ठेववेना, तरी काटे तसेच. नवव्या आठवड्यात जरासे उतरले, एवढंच.

"नळ्यांतल्या पट्ट्या मुळातच चांगल्या निघाल्या असतील," प्रमुख अजूनही मानेनात.

"मंग सर, एक फोडू का?" कलाबाईंनी विचारलं.

मॅडमनी मान डोलावून होकार दिला. प्रमुखांच्या देखत कलाबाईंनी एका नळीची मान मोडली. फुस्स करून हवा आत शिरली. नऊ आठवडे ऊन सोसलेली ती पट्टी चौथ्या दिवशी फिकी पडली. न फोडलेली शेजारीच, तशीच जांभळी! रंगाला नुसतं ऊन मारत नव्हतं, नुसती हवाही मारत नव्हती. ऊन पडलं की हवेतला ऑक्सिजन त्या रंगाच्या रेणूंना खाऊ लागायचा.

प्रमुखांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून बघितल्या. "साळवेबाई," ते म्हणाले, "चुकलं माझं."

डिसेंबरात पुण्याच्या परिषदेत मॅडमनी हे सगळं मांडलं. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी नळी उजेडात धरून विचारलं, "ही काच कुठल्या परदेशी कारखान्यातली?"

"नगरची आहे सर. त्या मागं बसल्यात, त्यांनी केलीय."

सगळं सभागृह मागे वळलं. कलाबाई निळ्या लुगड्याचा पदर सावरत उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जय भीम!"

पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला. त्यावर नावं दोन होती: माधुरी कांबळे आणि कलाबाई साळवे.