बैलानं खाल्लेलं बोंड

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली आणि इकडं आमच्या अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. हातात पैसा खेळला की माणसं पैजा लावतात. आमच्याकडं पैज बोंडाची. न फुटलेलं बोंड घ्यायचं, एकी की बेकी ते बोलायचं, मग चिरून आतली सरकी मोजायची.

आमच्या घरधन्यांना हा नाद साऱ्या गावासारखाच लागला. पण त्यांना लग्नाआधीपासून एक दुखणंही होतं. दोन-तीन वर्षांनी ते उफाळे. झोप जाई, अन्न जाई, तोंड थांबत नसे, कानात कोणी तरी बोलत राही. मग सगळं एकदम ओसरे आणि ते महिना-महिना भिंतीकडं तोंड करून पडून राहत. सासूबाईंनी अंगारे लावले, मी दूध-भाकरी चारली. गुण दोन्हींचा सारखाच.

त्या वर्षी नाद आणि दुखणं एकदमच आले. शेतातली पराटी, म्हणजे कापसाचं झाड, त्यांच्याशी बोलू लागली. कापूस घेऊन अकोल्याला गेले ते चार दिवसांनी पागोटं हरून आले आणि सोबत तिथला एक दलालही घेऊन आले. दलाल ओट्यावर तंबाखू मळत बसला. डोळा मात्र गोठ्यातल्या ढवळ्या बैलावर.

"वैनी, पैज लागली हाये. माही चांदीची पेटी आन तुमचा ढवळा."

हे अंगणात येरझारा घालत होते, मुठीत एक हिरवं बोंड. "बेकी! मले यानंच सांगतलं. रस्ताभर सांगून राहिलं!"

ढवळा गेला तर जोडी मोडणार, आणि जोडी मोडली तर नांगर काय सासूबाई ओढणार? ह्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. कानातला आवाज माझ्यापेक्षा मोठा. दलालाशी वाद घालण्यातही नव्हता. त्याला तर कानात आवाज न येताच पैजेचं वेड लागलेलं.

मी म्हटलं, "भाऊजी, चिरायले विळी आणतो. तवर बोंड द्या, धुऊन घेतो."

धुतलं. वरून मिठाचं पाणीही लावलं. आणि विळीसाठी गोठ्यावरून जाताना ढवळ्याच्या तोंडापुढं हात जरा जास्तच रेंगाळला. बैल गुणाचा. एका घासात काम झालं.

"अवो बाई! खाल्लं ना वो यानं!" मी कपाळावर हात मारला.

दलाल उठलाच. "हे बेइमानी हाये! दुसरं बोंड आणा!"

शेतात बोंडं हजार. पण हे थांबले, दुखणं उफाळल्यापासून अकरा दिवसांत पहिल्यांदा एका जागी उभे राहिले. म्हणाले, "दुसरं कसं आणता? बोललं तं तेच होतं. दुसरं मुकं असलं तं?"

"मुकं असलं म्हून का झालं? सरकी तं असंल!"

"मुक्या बोंडावर मी खेळत नाई," हे म्हणाले आणि खाली बसले.

दलाल माझ्याकडं पाहू लागला. मी गरिबासारखा चेहरा केला. "भाऊजी, पैज मोडली असं कोण म्हणते? सरकी काय पुरी पचत नाई. उद्या सकाळी या. गोठ्यात शेणाची पाटी ठेवतो, निवांत मोजा."

चेष्टेनं म्हटलं होतं. पण बाप्पा, उजाडताच धोतर खोचून हजर! मी सांगितलं, आधी जुनं शेण काढा, नाही तर कालची सरकी परवाच्यात मिसळंल. त्यानं सगळा गोठा लखलखीत केला. मग काडी घेऊन ढवळ्याच्या मागं उकिडवा बसला.

हे दारात येऊन बसले. मी पुढ्यात ताट ठेवलं. दलालाकडं टक लावून पाहता पाहता त्यांनी दोन भाकरी संपवल्या.

मी तिसरी तव्यावर टाकली.