साखरेचं पाणी सपक लागलं तेव्हा

एका गुरुवारी मी भांडायला म्हणून स्वतःच्या दुकानाच्या पायऱ्या उतरलो… आणि तोंड मिटून परत चढलो.

टेमघरला आमचं मेडिकल स्टोअर आहे, वीस वर्षं झाली. समोरच्या झाडाखाली दर गुरुवारी सोमीबाई बसते. डोंगरातल्या पाड्यावरून येते, पुढ्यात मुळ्या-पाल्याची टोपली. मी काचेची कपाटं केली, पंखे बदलले, ग्लुकोमीटर आणला… गर्दी तिच्याकडे. माझ्याकडे लोक येतात ते ‘बाई आज आली का?’ हे विचारायला.

जळतो का? जळतो. बी.फार्मचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगून ठेवलंय, पण आपले गुडघे दुखतात म्हणून माझ्यापुढे आजवर कोणी डोळ्यांत पाणी आणलं नाही. तिच्यापुढे आणतात.

त्यात आमची आई. तिची शुगरची गोळी मी रोज स्वतःच्या हाताने देतो, पण ‘बरं वाटतंय’ हे शब्द कधी ऐकले नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मात्र एकदम टवटवीत झाली. पायांची आग कमी, झोप छान. कशाने, ते सांगेना. मी श्रेय खिशात घालून मोकळा!

तक्रार एकच… चहा सपक लागतो, सून साखर लपवते. बायकोने चमचा वाढवला, तरी सपकच. मी हसलो. बी.फार्म ना मी.

मग एका रविवारी, जेवणाआधी, आई खाटेवर घामाने निथळलेली दिसली. हात थरथरत होते, आणि मला वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारत होती. शुगर मोजली… सेहेचाळीस.

साखरेचं पाणी ओठांना लावलं, तर थुंकली. “नुस्ता पानी पाजतोस? फसवतोस मला?”

सहा चमचे साखर घातली होती मी. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. बेडकीचा पाला, सोमीबाईच्या टोपलीतला! पुस्तकात त्यालाच गुडमार म्हणतात. तो चावला की काही वेळ जिभेला गोड कळत नाही, आणि शुगरही उतरते. वर माझी गोळी चालूच. दोघांनी मिळून आईला खाली ओढलं होतं.

गयावया करून घोट-घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी तिने मला माझ्या नावाने शिवी घातली, तेव्हा जिवात जीव आला. मग डॉक्टर.

पाला तिच्या कनवटीला निघाला. “सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “सांगितला की गुन जातो.” डोंगरचं औषध बोलून दाखवायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. डॉक्टरला नाही, औषधं विकणाऱ्या पोरालाही नाही.

आता खरं सांगतो. आई वाचली, आणि त्यानंतर मला चक्क आनंद झाला. सोमीबाईची एक तरी चूक सापडावी म्हणून मी किती गुरुवार वाट पाहिली होती… गुरुवारी चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणालो, “बाई, माझी आई मेली असती तुझ्या पाल्याने!”

ती मुळ्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी पयलं इचारलं तिला, डाक्टरची गोळी खाते का? खात आसशील तर देनार न्हाय. ती बोलली, पोराचं दुकान हाय, पन त्याच्या गोळ्या मी गटारात टाकते.”

लोक हसले. आईने एकही गोळी चुकवली नव्हती. पाला मिळावा म्हणून खोटं बोलली होती.

“आन् तू रं दादा,” सोमीबाईने आता वर पाहिलं, “तू कदी इचारलंस का, पाला खाते का म्हनून?”

नव्हतं विचारलं. आईलाच काय, वीस वर्षांत कोणालाच नाही.

तेव्हापासून विचारतोय. पॉवरलूमवर कापड विणणारा एकजण… बीपी उतरतच नाही. कापसाच्या धुळीने घसा धरतो म्हणून दिवसभर ज्येष्ठमध चघळतो, आणि त्यानेच बीपी चढतं. “मुलेठी कोई दवा है क्या, भाईसाब?” रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या एक काकू रोज सकाळी मूठभर लसूण खातात, त्यानेही रक्त पातळच होतं. ‘औषध’ कोणीच घेत नाही! मित्रांनो, पाला, मुळी, काढा, जे काही चालू असेल ते डॉक्टरला सांगा. आणि गोळी मनाने बंद करू नका.

आईला आता सोमीबाईच पाला देत नाही. तरी आई दर गुरुवारी तासभर तिच्याजवळ जाऊन बसते. दोघी काहीतरी बोलतात, दुकानाकडे बघतात आणि हसतात. माझ्याशेजारी आई इतका वेळ कधी बसली, ते मला आठवत नाही…

काउंटरवर मी तो प्रश्न ऐटीत विचारतो, जणू माझ्याच डोक्यातून निघालाय. गिऱ्हाइकं म्हणतात, शेठ किती काळजी घेतात! मी मान डोलावतो. आज इथे लिहून टाकतो… प्रश्न सोमीबाईचा आहे.