चार माणसं झाली की शो

रिटायर झाल्यावर माणसाकडं दोनच गोष्टी साठत जातात, गोळ्यांच्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्यांवर निदान एक्स्पायरी छापलेली असते. माझे किस्से एकाच थिएटरातले आहेत, कारण नोकरी सुटल्यावर मला मिळालेली माणसं तेवढीच.

*

मुलानं चिकलठाण्याला फ्लॅट घेतला. शेजारी "काय काका, बरं ना?" विचारून लिफ्टमध्ये शिरायचे. उत्तर ऐकायला लिफ्ट थांबत नसे. बोलायला कुणीतरी मिळेल म्हणून मी एका शुक्रवारी उस्मानपुऱ्याकडच्या जुन्या थिएटरात मॅटिनीला गेलो. तिकिटाच्या खिडकीतला म्हणाला, "चार माणसं झाली तरच शो लागंल, काका."

दोघं आधीच ताटकळत होते, रिटायर्ड पोस्टमास्तर कुलकर्णी आणि टेलर सलीमभाई. तेवढ्यात काकडे आले. पिशोर गावाहून नुकतेच थोरल्या मुलाकडं राहायला आलेले, फिरायला निघून घराचा रस्ता चुकलेले. सलीमभाईंनी त्यांचा दंडच धरला. "रस्ता बाद में, पहले टिकट!"

अशी आमची मैत्री झाली.

*

काकडे पडद्यावरची नावं संपायच्या आत घोरू लागत. इंटरव्हलला सलीमभाई त्यांना स्टोरी सांगत. एकदा कंटाळून त्यांनी सगळी मनानंच रचून सांगितली. काकडे डोळे पुसत म्हणाले, "लई भारी पिक्चर हाय राव!"

आम्ही तिघं जागे होतो, म्हणून आमचा तो हुकला.

*

वर्षभर आम्ही शेजारी बसत होतो. एकदा बँकेत पेन्शनच्या रांगेत पुढचा माणूस सारखा खोकत होता. मी वैतागलो. मग खोकला ओळखीचा वाटला. कुलकर्णीच!

"अहो, तुम्ही होय? उजेडात ओळखलंच नाही!"

त्यानंतर दोघांनाही बोलायला काही सुचेना. समोर पडदा नव्हता.

*

एका शुक्रवारी कुलकर्णी आलेच नाहीत. शो रद्द झाला. पायरीवर बसून आम्ही त्यांचा यथेच्छ उद्धार केला. "एक माणूस वेळेवर येत नाय म्हंजे काय!" काकडे तर भलतेच तापले. पुढच्या शुक्रवारी खिडकीतल्यानं सांगितलं, कुलकर्णी आदल्या शुक्रवारी सकाळीच गेले होते.

भेटायला गेलो. त्यांच्या मुलानं हात जोडले. "बाबांच्या प्रवचनातले ना तुम्ही? दर शुक्रवारी न चुकता जायचे."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. "व्हय, तिथलेच," काकडे म्हणाले.

मुलाची नजर सलीमभाईंच्या टोपीवर थांबली. सलीमभाई गंभीरपणे म्हणाले, "महाराज बहुत अच्छा बोलते."

*

मग एक कॉलेजातलं जोडपं आम्हाला लाभलं. त्यांना कोपरा हवा होता, आम्हाला संख्या. आमच्याकडं ती दोघं ढुंकून पाहत नसत, तरी सलीमभाई त्यांच्या प्रेमासाठी दुवा मागायचे. दुवा कबूल झाली. त्यांचं लग्न झालं. नंतर ती दोघं पुन्हा फिरकली नाहीत!

*

काकड्यांना धाकट्या मुलानं पिशोरला परत नेलं. मी फोन केला. "इथं थेटर नाय," ते म्हणाले, "पण झोपबी यीना गेली."

*

राहिलो आम्ही दोघं. पुढच्या शुक्रवारी सलीमभाईंनी खिडकीत चार तिकिटं मागितली.

"बाकीचे दोघं?" खिडकीतल्यानं विचारलं.

"आ रहे."

आत अख्खं थिएटर रिकामं. सलीमभाईंनी शेजारच्या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकले. पिक्चर सुरू झाल्यावर माझ्याच वयाचा एक माणूस अंधारात चाचपडत आला आणि नेमका आमच्या रांगेशी थांबला. "इथं कुणी बसलंय का?"

मला सरकावंसं वाटलं. पण सलीमभाई रुमालांवर हात ठेवून म्हणाले, "हौ. बैठे हैं."

त्यानं रुमालांकडं पाहिलं. आमच्याकडं पाहिलं. मग मुकाट्यानं पुढच्या रांगेत जाऊन बसला.

इंटरव्हलला दिवे लागले, तर तो दारातून ट्रे सांभाळत येत होता. ट्रेमध्ये चहाचे पाच कप. एक त्याचा, दोन आमचे.

सलीमभाईंनी कप निरखले. "इसमें एक बिना शक्कर की है ना?" ते म्हणाले. "कुलकर्णीसाब कू शुगर है."

तो माणूस कप बदलून आणायला गेला.