माझ्या उंच लेकीचा हात

लोकांना आलेले अनुभव मी वाचते आणि बरेचदा नाक मुरडते. कुणाची हरवलेली म्हैस देवाने परत आणली म्हणे. मला वाटतं, म्हैस तिच्या पायांनी आली असेल. आमचं घर बौद्ध आहे. आमच्यात नवस नाही, अंगारा नाही, अंगात येणं नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला पक्कं शिकवलेलं आहे. म्हणून कृपा हा शब्द मी कधी तोंडात घेतला नव्हता. आता जे घडलं ते घडलं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

माझी धाकटी लेक वैशाली. शाळेत असतानाच ती गुरुजींच्या डोक्यावरून बघायची. गावात तिला खंबा म्हणत. मग एका खेळाच्या शिक्षकाने तिला बास्केटबॉलच्या शिबिरात नेलं आणि खंबा म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. ती पुण्याला खेळली, दिल्लीला खेळली, भारताच्या संघातून परदेशात खेळली. एका जयंतीच्या मिरवणुकीत गावाने तिला ट्रॅक्टरवर उभं केलं होतं. ती वर आणि मी पुढे चालत होते, जशी काही ती उंची मीच घडवून दिली होती. तिची बोटं एवढी लांब की चेंडू तिच्या एका हातात मावायचा. मी येईल त्याला तो हात दाखवायची.

पुढे गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण तोवर नव्या पोरी आल्या होत्या. वैशाली आमच्या अंबडला परत आली आणि एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली. ज्यांनी हार घातले होते तेच विचारू लागले, “अजून लग्न न्हाई का हिचं?” ती हसून सोडून द्यायची. मला राग यायचा. घरात तिचे कप धूळ खात होते, आणि मीही ते पुसायचं सोडून दिलं होतं.

मग एक दिवस तिच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. बायकांचे व्यावसायिक संघ निघणार होते, पुण्याला निवड चाचणी होती, आणि वयाची अट नव्हती. माझी लेक तिशी ओलांडलेली, पण त्या फोननंतर तिचा चेहराच बदलला. रोज उजाडायच्या आत शाळेच्या मैदानावर. रिंगला जाळी नाही, खाली मुरूम, तरी ही एकटी उड्या मारून राह्यली. मी चहा घेऊन जायची. कधीकधी ती मध्येच थांबून छातीवर हात ठेवायची. मी विचारलं तर म्हणायची, “वय झालं माय, दुसरं काय.” आणि एकदा म्हणाली, “मला एकदाच परत खेळू दे. मंग कायमची बसते घरी.”

बुद्धाकडे मागायचं नसतं हे मला कळतं. तरी त्या पौर्णिमेला मेणबत्ती लावताना मी मनात म्हटलं, हिला एकदा खेळू दे. दुसरं काही मागितलं नाही.

चाचणीच्या आधी माझ्या भावाच्या नातीचं लग्न आलं. आमच्याकडे लग्नघरच्या बाईचा हात मोकळा राहत नाही. नवरीला चुडा भरला की घरातल्या सगळ्या बायकांनी भरायचा. वैशालीने चेंडूपायी आयुष्यात बांगडी घातली नव्हती. पण मी ऐकलं नाही.

“परवा चाचणी आहे माय. बांगड्या घालून बॉल मारू का?”

“तिथं काढून ठेव. इथं भर.”

“काढायच्याच तर भरायच्या कशाला?”

“मंग जेवतीस कशाला? सांजच्याला भूक लागतेच की.”

अंबडच्या बाजारात बांगड्या भरणारी एक म्हातारी बसते. सगळे तिला खाला म्हणतात. तिने वैशालीचा हात हातात घेतला आणि ओरडली, “अगे मा! इत्ता लंबा हाथ! हड्डी है के नहीं बेटी?” बांगडी चढवायची म्हणून तिने अंगठा तळहातात आत दाबला, तर अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूने बाहेर निघालं. सगळ्या बायका हसल्या. मीसुद्धा हसले.

शेजारी एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, घनसावंगीकडची, सुनेला बांगड्या भरायला घेऊन आलेली. ती हसली नाही. म्हणाली, “थांब खाला. पोरी, अंगठा परत मुठीत घे बरं.”

वैशालीला वाटलं, बाईने ओळखलं. किती दिवसांनी कुणीतरी ओळखलं. खुशीत म्हणाली, “मला टीव्हीवर पाह्यलं होतं का मावशी?”

“न्हाई माय. माझ्या पोराचा हात असाच होता.”

“तो बी खेळायचा?”

“ऊस तोडायचा. तुझ्यासारखाच उंच. छातीतून पाठीत कळ गेली म्हणला आन् मोळीवर बसला, तो उठलाच न्हाई. मंग डॉक्टरनं त्याचा हात पाहून आम्हाला विचारलं, घरात अजून कुणी असं लांब बोटांचं आहे का? त्याचं काळीज आधी दाखवा.” तिने वैशालीचा हात सोडला नाही. “तू दाखवलंस का काळीज?”

खालाच्या हातातली बांगडी तशीच राहिली.

बाहेर आल्यावर वैशाली म्हणाली, “काही पण सांगतात लोक. माझी कितीदा तपासणी झाली.” त्याच सांजेला लग्न लागलं, जेवणं झाली, मला घास गिळवला नाही. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर ती पुण्याच्या गाडीची वाट पाहत असताना मी तिच्या बॅगेवर बसले.

“माय, उठ. लोक बघून राह्यले.”

“बघू दे. आधी संभाजीनगर. छाती दाखव. मंग पुण्याला जा, न्हाईतर चंद्रावर जा.”

ती चिडली, रडली, मला हट्टी म्हणाली. मी उठले नाही. पुण्याची गाडी गेली. मग आम्ही दोघी संभाजीनगरच्या गाडीत बसलो.

तिथल्या डॉक्टरांनी मशीन लावून छाती पाहिली. नंतर त्यांनी सांगितलं, काळजातून निघणारी मोठी नळी फुगून पातळ झाली आहे. आता उडी मारायची नाही, जिनासुद्धा सावकाश चढायचा. मैदानात फुटली असती तर दवाखान्यापर्यंत वेळच मिळाला नसता. हा आजार जन्मापासूनचा. मी विचारलं, जन्मापासून कसा, ती तर भारताकडून खेळली. ते म्हणाले, आजी, ही उंची, ही लांब बोटं त्या आजारातूनच आलेली आहेत.

मला रडू आलं नाही. मी खुर्चीवर बसून लेकीच्या हाताकडे बघत राहिले. जो हात मी येईल त्याला दाखवला, तोच आजार होता. गावाने हार घातला तो त्यालाच, ट्रॅक्टरवर उभं केलं ते त्यालाच. एवढी वर्षं तो आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. आजही हे आठवलं की हातातलं काम थांबतं.

ऑपरेशन झालं. नळी बदलली, काळजाची झडपही बदलली. वैशाली वाचली, पण खेळ कायमचा गेला. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा म्हणाली, “तू बॅगेवर बसली नसतीस तर एक मॅच तरी खेळले असते. मैदानात मेले असते तर काय झालं असतं?” मी म्हटलं, “तुझं काही झालं नसतं. मला चाललं नसतं.” ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग तिने जेवण मागितलं.

ती हिंडूफिरू लागल्यावर आम्ही खालाला त्या बाईचं गाव विचारलं आणि जीपने घनसावंगीकडे गेलो. रस्ताभर मला सुचेना की तिला काय म्हणावं. तिचा पोरगा गेला म्हणून माझी लेक राहिली, हे कोणत्या तोंडाने बोलायचं? बाईने ओसरीवर सतरंजी टाकली. भिंतीवर पोराचा फोटो होता. उंच, खांदे लांब, हात गुडघ्यापर्यंत आलेले. माझ्या लेकीचा सख्खा भाऊ शोभला असता.

बाईने वैशालीला जवळ बसवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. “घड्याळ वाजून राह्यलं का कुठं?”

“घड्याळ न्हाई मावशी,” वैशाली म्हणाली. “माझी नवी झडप आहे. तिचाच आवाज येतो.”

बाईने सरळ तिच्या छातीला कान लावला. किती वेळ तशीच बसली. मला वाटलं रडेल. पण ती ऐकत होती, एखादी बाई चुलीवरचं आधण ऐकते तशी, सगळं लक्ष लावून. मग डोकं वर करून म्हणाली, “बराबर चालू आहे. जेवून जा.” आणि भाकरी टाकायला उठली.

विहारात रोज तीन वेळा शरण जाते असं म्हणायचं असतं. मी ते पाठ म्हणून म्हणत आले. शरण जाणं म्हणजे आपलं मागणं मोठ्याच्या पायाशी नेऊन ठेवणं, असं मला वाटायचं. त्या ओसरीवर कळलं की शरण जाणं म्हणजे हातातलं मागणं सोडून देणं, आणि जे पुढ्यात येईल त्याला हात पुढे करणं. मला जे पाहिजे होतं ते मिळालं असतं तर माझी लेक गेली असती. त्या बाईचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि फेडल्याचं नाटकही करत नाही. तिने वाढलेली भाकरी आम्ही दोघींनी पोटभर खाल्ली. वैशालीने दुसरी मागून घेतली.